उगवलेली चटई

तोरवणगडाच्या पश्चिमेचा कडा तुम्ही खालून पाहिलाच असेल. नुसता काळा पाषाण. शेवाळ सोडलं तर त्याच्यावर काही धरत नाही. शेळीसुद्धा तिकडे एकदा बघते आणि मान फिरवते. पण वर तटात एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीच्या बरोबर खाली, चटई वाळत घालावी तसा गवताचा एक लांबट पट्टा आहे. पावसाळ्यात तो हिरवागार असतो, भातं कापली की पिवळा पडतो, होळीच्या सुमाराला पार करपतो. खालच्या खोऱ्याचा रंग बदलला की त्याचाही बदलतो. तिथे माती कुणी नेऊन टाकली, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. कुणी टाकली नाही. एवढ्या उंचावर माती टाकायला जाईल एवढा रिकामटेकडा माणूस आमच्या लव्हेवाडीत अजून जन्माला यायचाय.

दुसरी एक गोष्ट पाहुण्यांना चमत्कारिक वाटते. आमच्याकडे लग्न लागलं की म्हाताऱ्या बायका नवरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "तुझी चटई उगवो!" हेच वाक्य चटया विणणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गावात बोलून पाहा, केरसुणी पाठीत बसेल. कारण आमच्या धंद्यात ती शिवी आहे. पेंढा असो की रानगवत, विणायला घेण्याआधी ते झोडायचं, झटकायचं, हाताने चोळून बघायचं. एक दाणा राहता कामा नये. दाणा राहिला की ओल लागल्यावर चटईला कोंब फुटतात. उगवलेली चटई म्हणजे विणणारीची अब्रू गेली. तर मग शिवीचा आशीर्वाद कसा झाला, ते सांगतो. इथे सावलीत बसा, पाणी प्या. गोष्ट चढासारखीच आहे, दमादमाने घ्यावी लागते.

फार जुन्या काळी या गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता, असं सांगतात. तलवारीचा पक्का, शब्दाचा त्याहून पक्का, आणि आईवेडा. आईवेडं असणं काही वाईट नाही. पण त्याच्या आईवेडाची किंमत भलत्याच एका आईला मोजावी लागली, त्याची ही कथा.

त्याची आई आऊसाहेब याच खोऱ्यातली लेक. लग्न होऊन गडावर आल्या आणि पुढे उतारवयात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या खाटेवर. खोली तीच, पश्चिमेच्या खिडकीची. पण वैद्याने बजावलं होतं की पश्चिमेचा वारा म्हातारीच्या छातीला बाधेल. म्हणून हैबतरावाने खाट खिडकीपासून जितकी दूर नेता येईल तितकी नेली, पार मागच्या भिंतीला टेकवली. खिडकीतून त्यांना काय दिसायचं? आभाळाचा तुकडा, आणि कधी एखादी घार. ज्या खोऱ्यात परकर नेसून धावल्या, ते चार पावलांवर आणि दिसत नाही. त्या झुरायला लागल्या.

हैबतरावाने चितारी बोलावले. त्यांनी कागदावर खोरं रंगवलं. आऊसाहेबांनी कागद नाकाशी धरला आणि परत दिला. "ह्याला वास कुठाय?"

तेव्हा दासीने सांगितलं की लव्हेवाडीत हौसा म्हणून एक बाई आहे, ती चटईत डोंगर विणते.

आता हौसाची गंमत ऐका. बाकीच्या बायका चटई विणायच्या ती झोपायला. हौसाच्या चटईवर झोपायचा धीर व्हायचा नाही. केवणीच्या सालीची बारीक दोरी वळून ती ताणा लावायची. डोंगरासाठी हिरड्याच्या पाण्यात काळी केलेली शिंदीची पाती, ओढ्यासाठी लव्हाळ्याचा सोललेला पांढरा गाभा, शेतांसाठी पेंढा, उतारासाठी रानगवत, ढगांसाठी सावरीचा कापूस. चटईजवळ नुसतं उभं राहिलं तरी रानाचा वास यायचा. आणि ही कला आपल्याला येते हे हौसाला चांगलं ठाऊक होतं. तोंडाने जरा फटकळच होती. सासू म्हणायची, "हात गुणाचे, पण जिभेला दावं बांध गं बाई." तिला नवरा होता गोंदा, आणि मैना नावाची लेक, नुकती भिंत धरून चालायला लागलेली.

भर पावसाळ्यात गडावरून बोलावणं आलं. हैबतरावाने विचारलं, "खिडकीतून दिसतं तसं विणशील?"

हौसाने खिडकीशी जाऊन खाली पाहिलं. हिरवी खाचरं, पांढरा ओढा, ओढ्याकाठी तिची वाडी. मग ती वळली आणि किल्लेदाराच्या तोंडावर म्हणाली, "दिसतंय तसंच्या तसं विणीन. आऊसाहेब 'हेच ते' म्हनतील तवाच गड उतरीन, त्याबिगर उतरायची न्हाई."

सासू तिथे असती तर तिने कपाळावर हात मारला असता. हैबतराव शब्दाचा पक्का, आणि दुसऱ्याचा शब्दही तो तसाच धरायचा. त्याने दरवाज्यावरच्या नाईकाला बोलावून तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. झालं. बोलली ती हौसा आणि कडी लागली तीही हौसालाच.

तिने खोलीतच ताणा लावला. सामान वाडीतून यायचं. गोंदा भारे बांधून दरवाज्यापर्यंत आणून टाकायचा, त्याला आत सोडत नसत. हौसा झपाट्याने विणत होती. दिवाळीला लेकीला न्हाऊ घालायला घरी जाईन, असा तिचा हिशेब होता. हिरव्या गवताने हिरवं खोरं विणलं, आणि चटई खाटेवरून दिसेल अशी बाजूच्या भिंतीवर टांगली. आऊसाहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग दासीला विचारलं, "बाहेर आत्ता कसं दिसतंय गं?"

दासी खिडकीतून डोकावली. "पिवळं झालंय, आऊसाहेब. भातं कापणीला आलीत."

"मग हे ते नव्हे," आऊसाहेब म्हणाल्या.

खरंच होतं. चटई पुरी व्हायला जो काळ लागला, तेवढ्यात खोरं बदललं होतं. शिवाय तिचं स्वतःचं गवतही वाळून भलत्याच रंगाचं झालं होतं. हौसा हसली, म्हणाली, बरं, पिवळं विणते. दिवाळी गडावरच गेली. पिवळं पुरं झालं तेव्हा खाली शेतं उघडी पडली होती आणि पळस फुलला होता. पळसाच्या फुलांच्या पाण्यात वाखाचे धागे बुडवून तिने पळस विणला, तेव्हा खाली शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजून जमिनी काळ्या झाल्या होत्या. काळं विणलं तेव्हा धुकं उतरलं. धुकं! सावरीचा कापूस पिंजून तिने धुकंसुद्धा विणलं, आणि त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. अशी दोन-तीन वर्षं गेली. दरवेळी दासी खिडकीतून डोकावायची आणि दरवेळी आऊसाहेब म्हणायच्या, "हे ते नव्हे."

खोरं थांबत नव्हतं आणि गड हौसाला सोडत नव्हता. ती दरवाज्याशी गेली. नाईक म्हातारा माणूस, वाईट नव्हता. त्याने तिच्याकडे न पाहताच सांगितलं, "बाई, कुलूप मी लावलेलं न्हाई. शब्द तुझा हाय." ती हैबतरावाच्या पाया पडली. तो म्हणाला, "आई एकदा हो म्हणू दे, पालखीतून पोचवतो." पालखी! तिला फक्त पायवाट हवी होती.

खिडकीतून तिचं घर दिसायचं, हीच मोठी शिक्षा. सकाळी चुलीचा धूर दिसायचा. अंगणात एक ठिपका हलायचा. तो ठिपका आधी भिंतीच्या कडेकडेने हलायचा, मग मोकळ्या अंगणात हलायला लागला, मग ओढ्याच्या वाटेने धावायला लागला. मैना चालायला शिकली, धावायला शिकली, आणि आईने ते घारीसारखं वरून पाहिलं. हाक मारली तर वारा ती वरच्या वर उडवून न्यायचा. विणता विणता तिचे हात थांबायचे आणि ती नुसती बघत राहायची, मग अंगण रिकामं झालं की पुन्हा विणायला लागायची.

भाऱ्यांच्या गाठी ती ओळखायची. गोंदाची गाठ आवळ आणि दुपेडी. सासूची गाठ चपटी. एकदा भारा सोडताना तिला त्यात एक इवलीशी जुडी सापडली, मूठभर गवताची, वाकड्या गाठीने बांधलेली. दोरीचं टोक उलट्या बाजूने फिरवलं होतं आणि मग कसंबसं खोचलं होतं. अशी गाठ शहाणं माणूस बांधत नाही. हौसाने ती जुडी सोडली नाही. पदरात घेऊन बसली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

आऊसाहेब खाटेवरून पाहत होत्या. एरवी त्या फार गोड बोलायच्या. हौसा विणायला बसली की त्यांना कंठ फुटायचा. कुठल्या आंब्याखाली पाणी लागतं, कुठल्या खाचरात खेकडे धरले, कुणाच्या लग्नात पडल्या नि हसं झालं. इतकी वर्षं त्यांच्याशी कुणी बसून बोललंच नव्हतं. मुलगा यायचा, पायांवर डोकं ठेवायचा, जायचा. त्या दिवशी मात्र त्या गप्प राहिल्या. हौसाने डोळे पुसले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस जे मनात घोळत होतं ते विचारलं.

"आऊसाहेब, खरं सांगा. म्या कसंबी विणलं तरी तुमी हेच ते म्हननार न्हाई. व्हय ना?"

म्हातारीने पांघरुणाची कड चिमटीत धरली. मग म्हणाली, "तू गेलीस की ही भिंत आणि मी."

"आन् माझी मैना?"

आऊसाहेबांनी तोंड फिरवलं. फिरवून फिरवून कुठे फिरवणार, तिकडेही भिंतच होती.

त्या दिवसापासून हौसाचं मन विणण्यातून उठलं, असं सांगतात. ताणा लावायला सांगितला म्हणून लावला. पावसाळा पुन्हा तोंडावर आला होता. बाहेर हिरवं होणार हे तिला दिसत होतं, पण हिरवं शोधायची तसदी तिने घेतली नाही. कोपऱ्यात गेल्या सुगीचा पेंढा पडला होता, तोच शेतांच्या जागी भरला. उताराच्या जागी जुनं रानगवत, तुऱ्यांसकट. झोडलं नाही, झटकलं नाही, चोळून पाहिलं नाही. लहानपणी ज्या चुकीसाठी तिच्या आईने तिच्या हातावर काठी मारली होती, तीच चूक ती डोळ्यांदेखत करत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मातकट, निर्जीव चटई झाली. भिंतीवर टांगली. आऊसाहेबांनी दासीला विचारलंसुद्धा नाही. हौसाही पसंतीची वाट पाहायला थांबली नाही. ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

मग झड लागली. गडावरची झड ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक. आठवडा आठवडा दिशा दिसत नाहीत. छप्पर पाझरायला लागलं आणि पाणी नेमकं त्या भिंतीवरून, चटईवरून ओघळायला लागलं. भांडी लावायलाही कुणी उठलं नाही. खोलीत दोन बायका, दोघी भिंतीला टेकलेल्या, आणि मध्ये पावसाचा आवाज.

एका सकाळी हौसाने वर पाहिलं. चटईला कोंब फुटले होते. पेंढ्यात राहिलेलं भात, तुऱ्यांत राहिलेलं गवताचं बी, सगळं वर आलं होतं. तिला आनंद झाला असं वाटलं तुम्हाला? छे! ती शरमेने मेली. गडावर कोंडली गेली, लेक परकी झाली, नि आता हातातली कलाही गेली, वाडीत कळलं तर पोरं नावं ठेवतील. ती उठली आणि चटई ओरबाडायला धावली.

"हात लावू नकोस!" आऊसाहेब ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज गडाने कधी ऐकला नव्हता. "राहू दे. बघू दे मला."

राहू दिली. कोंब वाढत गेले. जिथे हौसाने खाचरं विणली होती तिथे भात हिरवं झालं. जिथे उतार होते तिथे गवत हिरवं झालं. शिंदीचा डोंगर काळाच राहिला, लव्हाळ्याचा ओढा पांढराच राहिला. बाहेर खोऱ्यात जसं होतं तसंच, त्याच दिवसांत, त्याच रंगाने. दासी खिडकीतून खोऱ्याकडे बघायची, भिंतीकडे बघायची आणि हात जोडायची. अशी चटई ना कुणी विणली होती, ना कुणी पाहिली होती. खोरं बदलेल तशी ती बदलणार होती. ह्या वेळी आऊसाहेबांना 'हे ते नव्हे' म्हणायला जागाच उरली नव्हती.

तरी त्या काही बोलेनात. हेच ते, हे दोन शब्द ओठांशी येऊन बसलेले हौसाला दिसत होते, आणि म्हातारी ते गिळत होती. माणूस एकटेपणाला किती घाबरतं, ते त्या खोलीत कळावं. मग कधीतरी आऊसाहेबांच्या ध्यानात एक गोष्ट आली. कोंब सरळ वर वाढत नव्हते. सगळेच्या सगळे, भाताचे आणि गवताचे, एका अंगाला कलले होते. खिडकीच्या अंगाला. काहींनी तर वाकून वाकून पार मान टाकली होती, पण तोंड उजेडाकडेच.

आऊसाहेब बघत राहिल्या. मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या हौसाकडे पाहिलं. तीही खिडकीकडेच बघत बसली होती, मान तशीच कललेली.

त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. हैबतराव भिजत धावत आला. आऊसाहेब म्हणाल्या, "हैबत, हेच ते. आता हिला जाऊ दे. आणि ही चटई खिडकीबाहेर सोड. गवताला कळतं ते मला कळलं नाही रे." आणि त्या पोरीसारख्या हमसून रडल्या.

दरवाज्यावर निरोप गेला. पालखी नको म्हणून हौसा उठली, पदरात वाकड्या गाठीची जुडी, बस्स. आऊसाहेबांना तिने माफ केलं होतं असं काही नाही. माफ करायला तिला वेळच नव्हता, तिचा जीव केव्हाच ओढ्याच्या वाटेला लागला होता. पण उंबऱ्यात तिचं पाऊल अडखळलं. तिने मागे पाहिलं. खाट तिथेच, मागच्या भिंतीला. आणि सासूला ज्या जिभेची भीती वाटायची, ती जीभ शेवटी बोललीच.

"आन् तुमी, आऊसाहेब? तुमी आतच ऱ्हानार का?"

हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुलाने वैद्याला विचारलं होतं, चिताऱ्यांना विचारलं होतं. त्यांना नव्हतं विचारलं. आऊसाहेबांनी खिडकीकडे बोट केलं. हैबतराव म्हणाला, "आई, वारा..." आऊसाहेब म्हणाल्या, "गवत सोसतं ना? मग मीही सोसेन." तेव्हा हैबतरावाने खाटेचं एक टोक धरलं आणि दुसरं हौसाने धरलं. खाट खिडकीशी गेली. चार पावलं होती फक्त.

त्या हिवाळ्यात आऊसाहेब गेल्या म्हणे. वैद्य सांगत होता तसं वाऱ्यानेच. पण गेल्या त्या खोऱ्याकडे डोळे लावून, आणि हैबतरावाने वैद्याला बोल लावला नाही, स्वतःला लावला.

आणि हौसा? ती त्या पावसात धडपडत, घसरत वाडीत पोचली. सासूने दारातच तिला कवटाळलं. मैना आजीच्या लुगड्याआड लपली. ही कोण चिखलाने माखलेली बाई, तिला काय ठाऊक! हौसाने हात पुढे केला तशी ती आणखीच आत सरली. पण हौसा तिला ओढायला गेली नाही. उंबऱ्यावर बसली, पदरातली जुडी काढली, तिची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला लागली. सोडायची, बांधायची. थोड्या वेळाने लुगड्याआडून पोर बाहेर आली. जवळ आली. गाठीकडे बघून तिने नाक मुरडलं.

"तशी न्हाई," ती म्हणाली, आणि आईच्या हातातून दोरी घेऊन तिने टोक उलट्या बाजूने फिरवलं.

हैबतरावाने चटई खिडकीबाहेर सोडली होती. ती तिथेच पाषाणाला धरली, मुळं फटींत गेली, आणि तोच तो पट्टा, असं सांगतात. चटईची दोरी केव्हाच कुजून गेली असणार. गवत मात्र हटलेलं नाही. म्हणून तर आमच्याकडे नवरीला म्हणतात, तुझी चटई उगवो, म्हणजे कुठे अडकलीस तर तुझीही वाट अशीच मोकळी होवो.

आजही श्रावणातल्या पहिल्या आदितवारी लव्हेवाडीच्या बायका एक चटई विणून गडावर नेतात. तिचा पेंढा झोडत नाहीत, गवत झटकत नाहीत. ती मैनाच्या उलट्या गाठीने बांधून खिडकीबाहेर सोडतात. त्या दिवशी वाडीतली कुठलीही सून माहेरी निघाली तर तिला कुणी विचारायचं नाही, कुठे चाललीस, कधी येशील. सासूच आदल्या दिवशी गाठोडं बांधून ठेवते. न ठेवणारीला वर्षभर टोमणे खावे लागतात. आणि उतरायच्या आधी सगळ्या बाहेर पडल्या की त्यांतली सर्वांत म्हातारी बाई त्या पडक्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहते आणि आत हाक मारते, "कोण ऱ्हायलंय का गं आत?"

आत कुणी नसतं. सगळ्यांना ठाऊक असतं. तरी उत्तरासाठी त्या आजही थोडा वेळ थांबतात, आणि मगच गड उतरतात.